काउंटीनिहाय घरगुती उत्पन्नाचा मध्यक: १९८९ पासूनची मालिका जुळवताना

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या प्रत्येक काउंटीसाठी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) घरगुती उत्पन्नाच्या मध्यकाची, म्हणजे ज्याच्या वर निम्मी आणि खाली निम्मी घरे येतात त्या आकड्याची, साधारण १९९० पासून आजपर्यंतची वर्षवार मालिका हवी आहे. पण जनगणना ब्यूरोच्याच दोन तक्त्यांत दोन वेगळे आकडे दिसतात, मधली काही वर्षे रिकामी आहेत आणि लहान काउंट्यांचे आकडे दरवर्षी उड्या मारतात. मग कोणता आकडा धरायचा?

मालिकेचा कणा म्हणून ब्यूरोचे ‘स्मॉल एरिया इन्कम अँड पॉव्हर्टी एस्टिमेट्स’ म्हणजे एसएआयपीई घ्या. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे म्हणजे एसीएस पडताळणीसाठी ठेवा आणि जुन्या दशवार्षिक जनगणना टोकाचे खुंट म्हणून वापरा. तिन्ही एकत्र शिवून एकच अखंड रेघ काढण्याचा मोह मात्र टाळा. या कामातल्या बहुतेक चुका त्या शिवणीतच होतात.

आधी शब्दांचा घोळ. मराठीत ‘हाऊसहोल्ड’ आणि ‘फॅमिली’ दोन्हींना आपण कुटुंबच म्हणतो, पण इथे फरक मोठा आहे. भारतीय जनगणनेत सामाईक स्वयंपाकघर म्हणजे एक कुटुंब. अमेरिकेत एका निवासी घरात राहणारे सगळे, नात्याचे असोत वा नसोत, मिळून एक हाऊसहोल्ड. एकटी राहणारी म्हातारी बाई हे हाऊसहोल्ड आहे, फॅमिली नाही. त्यामुळे फॅमिलीचा मध्यक जवळजवळ नेहमी वर असतो. खाली मी हाऊसहोल्डला ‘घर’ म्हणतो. १९५० आणि १९६० च्या जनगणनेतले काउंटीचे प्रचलित आकडे फॅमिलीचे आहेत. ते घरांच्या मालिकेला जोडले तर १९६९ पर्यंतची वाढ प्रत्यक्षापेक्षा कमी दिसेल.

उत्पन्न म्हणजे घरातल्या १५ वर्षे आणि त्यावरील सर्वांची करपूर्व रोख आवक: पगार, धंद्याचा नफा, व्याज, भाडे, सोशल सिक्युरिटी, निवृत्तिवेतन. शेअर किंवा घर विकून झालेला भांडवली नफा त्यात नाही, स्नॅप या सरकारी योजनेचे अन्नसाहाय्यही नाही. तुरुंग, वसतिगृहे, कामगारांच्या छावण्या यांत राहणारे लोक ‘घर’ या व्याख्येतच बसत नाहीत. याचे परिणाम विचित्र दिसतात. मोठा तुरुंग असलेल्या ग्रामीण काउंटीत दरडोई उत्पन्न पडते, पण घरांचा मध्यक जागचा हलत नाही. उलट जॉर्जियातल्या अथेन्ससारख्या विद्यापीठाच्या गावी वसतिगृहातले विद्यार्थी गणतीबाहेर राहतात, पण बाहेर भाड्याने राहणारे प्रत्येक टोळके एक गरीब घर म्हणून मोजले जाते आणि क्लार्क काउंटीचा मध्यक खाली ओढला जातो.

आता स्रोत. १९७० ते २००० च्या जनगणनांत घरांच्या एका हिश्शाला लांब प्रश्नावली जायची. २००० मध्ये साधारण दर सहा घरांत एकाला गेली. उत्पन्न मागच्या कॅलेंडर वर्षाचे विचारले जाई, म्हणून २००० च्या जनगणनेतला आकडा १९९९ चा, १९९० च्या जनगणनेतला १९८९ चा. मालिकेत वर्ष घालताना इथे एका वर्षाने चुकणारे खूप आहेत. नमुना भरघोस असल्याने लहान काउंट्यांसाठीही हे आकडे विश्वासाचे आहेत. मिनेसोटा विद्यापीठाच्या एनएचजीआयएस या संग्रहात ते सीमारेषांसकट मिळतात. २०१० पासून लांब प्रश्नावली बंद झाली आणि तिची जागा एसीएसने घेतली.

एसीएसचे एक-वर्षीय आकडे २००५ पासून आहेत, पण फक्त ६५,००० आणि त्याहून अधिक वस्तीच्या भागांसाठी. देशात काउंट्या व त्यांच्या तोडीचे विभाग ३,१०० हून अधिक. त्यांतल्या बहुतेकांना हे आकडे मिळतच नाहीत. सगळ्यांसाठी आहेत ते पंचवार्षिक, पहिला संच २००५–२००९ चा. मधल्या आकाराच्या भागांसाठी त्रैवार्षिक आकडेही होते. ते २०११–२०१३ नंतर थांबले. मध्यक बी १९०१३ या तक्त्यात, उत्पन्नगटांनुसार घरांची संख्या बी १९००१ मध्ये.

पंचवार्षिक आकडा हा पाच वार्षिक मध्यकांची सरासरी नाही. पाच वर्षांत मुलाखती दिलेली सगळी घरे एका ढिगात टाकून, सगळ्यांची उत्पन्ने शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये आणून, मग काढलेला तो मध्यक आहे. म्हणून लागोपाठचे दोन पंचवार्षिक आकडे वजा करून मधले एक वर्ष ‘सोडवून’ काढता येत नाही. सरासरीच्या बाबतीत निदान कागदावर ते जमते, जरी चूक पाचपट होते. मध्यकाच्या बाबतीत गणितच लागू नाही. तीव्र चढउतार झालेल्या ठिकाणी याची किंमत मोजावी लागते. नॉर्थ डकोटातल्या विल्यम्स आणि मॅकेन्झी काउंट्यांत बाकेन तेलक्षेत्राच्या भरभराटीने काही वर्षांत उत्पन्न झपाट्याने वर गेले, मग २०१४ च्या शेवटी तेलाचे भाव कोसळले. पंचवार्षिक मालिकेत तो सुळका गोल टेकाडासारखा दिसतो आणि शिखर काही वर्षे उशिरा येते.

एसीएसच्या ‘वर्षा’तही एक गोम आहे. प्रश्न ‘गेल्या १२ महिन्यांत’ असा असतो आणि मुलाखती वर्षभर चालतात. २०१९ च्या जानेवारीत भेटलेले घर २०१८ चे उत्पन्न सांगते, डिसेंबरात भेटलेले घर डिसेंबर २०१८ ते नोव्हेंबर २०१९ चे. म्हणजे ‘२०१९’ हा आकडा २३ महिन्यांवर पसरलेला आहे आणि त्याचा मध्य डिसेंबर २०१८ च्या आसपास पडतो. जनगणनेचा १९९९ म्हणजे थेट १९९९. एरवी हा अर्ध्या वर्षाचा फरक खपून जातो. मंदीच्या वळणावर नाही.

एसएआयपीई हे सर्वेक्षण नाही, मॉडेल आहे. काउंटीचा थेट सर्वेक्षणातला आकडा एका बाजूला. दुसऱ्या बाजूला प्राप्तिकर विवरणांतले उत्पन्न, स्नॅपचे लाभार्थी, आर्थिक विश्लेषण ब्यूरोचे म्हणजे बीईएचे वैयक्तिक उत्पन्न, लोकसंख्येचे अंदाज आणि आधीची जनगणना किंवा पंचवार्षिक एसीएस यांवरून समाश्रयणाने (रिग्रेशनने) काढलेला अंदाज. आणि दोघांचा भारित मेळ. मूळ कल्पना रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट यांच्या १९७९ च्या लेखातली, तीही छोट्या गावांच्या उत्पन्नासाठीच मांडलेली.

भार कसा पडतो ते एका कल्पित काउंटीवर पाहा. थेट आकडा ५२,००० डॉलर, त्याची प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) साधारण २० टक्के. मॉडेलचा अंदाज ४६,०००, मॉडेलची स्वतःची चूक साधारण १० टक्के. लॉगच्या मापात प्रसरणे, म्हणजे त्रुटींचे वर्ग, ०.०४ आणि ०.०१. थेट आकड्याचा भार ०.०१ भागिले ०.०५, म्हणजे ०.२. लॉगमध्ये मेळ घातला की उत्तर येते सुमारे ४७,१४०. तीच काउंटी मोठी असती आणि थेट त्रुटी २ टक्के असती, तर भार ०.९६ झाला असता आणि मॉडेलला जवळपास काही बोलताच आले नसते. म्हणूनच मोठ्या काउंट्यांत एसएआयपीई आणि एक-वर्षीय एसीएस हातात हात घालून चालतात, लहान काउंट्यांत फटकून. ‘दोन वेगळे आकडे का’ याचे निम्मे उत्तर हे आहे. उरलेले निम्मे म्हणजे एक वर्ष विरुद्ध पाच वर्षे.

याचीच दुसरी बाजू: लहान काउंटीत एकच मोठा कारखाना बंद पडला आणि करविवरणांत त्याचे पडसाद उमटायला वेळ लागला, तर एसएआयपीई तो धक्का मऊ करून दाखवते. कारखानाबंदीचा परिणामच मोजायचा असेल तर ही मालिका अवलंबी चल म्हणून धोक्याची आहे. ज्या गोष्टीचा परिणाम शोधताय तीच मॉडेलच्या आत निविष्टी म्हणून बसली असेल, उदाहरणार्थ स्नॅप, तर सहसंबंध आयता मिळेल आणि तो फसवा असेल.

एसएआयपीईचे काउंटी आकडे १९८९, १९९३, १९९५ आणि १९९७ पासून दरवर्षी असे आहेत. सेंट लुईस फेडच्या ‘फ्रेड’ या आकडेवारीच्या संकेतस्थळावर काउंटीच्या मध्यकाची जी मालिका दिसते ती हीच. दोन गोष्टी फाइल उघडण्याआधी लक्षात घ्या. हे आकडे त्या त्या वर्षाच्या चालू डॉलरमध्ये आहेत. आणि २००४ व २००५ यांच्यामध्ये सांधा आहे: आधी पायाभूत सर्वेक्षण करंट पॉप्युलेशन सर्व्हे म्हणजे सीपीएसची वार्षिक पुरवणी होते, काउंट्यांसाठी तीन वर्षांची सरासरी घेऊन, २००५ पासून एक-वर्षीय एसीएस. सीपीएस पन्नासहून अधिक उत्पन्नस्रोत खोदून विचारते, एसीएस आठ प्रकारांत आटोपते. त्यामुळे २००४ ते २००५ ची वाढ म्हणून जे काही निघते, त्यात वाढ किती आणि मोजपट्टीचा बदल किती हे वेगळे करता येत नाही. तो एक बदल सरळ गाळा. समाश्रयणात वर्षांचे स्थिर परिणाम (इयर फिक्स्ड इफेक्ट्स) घातले की देशभराची सामाईक उडी शोषली जाते. काउंटीगणिक वेगळी असलेली नाही.

मधली १९९०–९२, १९९४, १९९६ ही वर्षे रिकामीच ठेवावीत असे माझे मत. अगदी भरायचीच असतील तर सरळ रेषेपेक्षा बीईएच्या वार्षिक काउंटी उत्पन्नाचा आकार वापरून भरा. ती मालिका १९६९ पासून सलग आहे. मात्र एकूण वैयक्तिक उत्पन्न घेऊ नका. त्यातून शेतमालकांचे उत्पन्न आणि लाभांश-व्याज-भाडे वगळा, उरलेल्या कमाईची हालचाल घ्या. शेतीप्रधान काउंटीत एका वर्षाच्या पिकाने आणि भावाने एकूण आकडा इतका हेलकावतो की मध्यक त्याच्या जवळपासही हलत नाही. भरलेल्या प्रत्येक आकड्यापुढे ‘अंदाजित’ असा वेगळा रकाना हवाच.

बीईएचा दरडोई आकडा मध्यकाच्या जागी वापरणारे लोक भेटतात. वायोमिंगमधली टीटन काउंटी, म्हणजे जॅक्सन होल, दरडोई उत्पन्नात देशात पहिली येते. मूठभर अतिश्रीमंतांच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नाने. तिथल्या मधल्या घराचे उत्पन्न त्याच्या पासंगालाही पुरत नाही. महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीतले जिल्हानिहाय दरडोई उत्पन्न याच जातीचे: बेरजेला माणसांनी भागलेले. त्यावरून मधल्या घराबद्दल काही बोलता येत नाही.

महागाई. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे दोनदा समायोजन. पंचवार्षिक एसीएस आधीच शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये असते. २०१८–२०२२ चा आकडा २०२२ च्या डॉलरमध्ये. त्याला मधले वर्ष २०२० धरून पुन्हा फुगवले की उत्पन्न फुकटात वाढते. दीर्घ मालिकेसाठी ग्राहक किंमत निर्देशांकाची सुधारित, मागे नेऊन एकसारखी केलेली आवृत्ती, म्हणजे सीपीआय-यू-आरएस, बरी. साध्या सीपीआय-यूमध्ये मोजण्याच्या पद्धती वेळोवेळी बदलल्या आहेत. कोणताही निवडा, पण संपूर्ण मालिकेला एकच लावा. साध्या सीपीआय-यूने अंदाज घ्या: १९९९ ची वार्षिक सरासरी १६६.६, २०१९ ची २५५.६५७, गुणक सुमारे १.५३५. एखाद्या काउंटीत १९९९ ला ४०,००० आणि २०१९ ला ५८,००० असेल, तर चालू डॉलरमध्ये ४५ टक्के वाढ. पण ४०,००० चे २०१९ मध्ये ६१,३८० होतात, म्हणजे खरी घट साडेपाच टक्क्यांची. काउंटीनिहाय किंमतपातळीचा अधिकृत निर्देशांक नाही. बीईएच्या प्रादेशिक किंमत समता राज्य आणि महानगर पातळीवर थांबतात, म्हणून मॅनहॅटन आणि मिसिसिपी डेल्टा यांची पातळी ताडून पाहताना जपून.

आता त्रुटीसीमा. एसीएसच्या प्रत्येक आकड्यासोबत येणारी सीमा ९० टक्के विश्वासाची असते, १.६४५ ने भागा, प्रमाण त्रुटी मिळते. ९५ टक्क्यांची सवय असलेले १.९६ ने भागतात आणि त्रुटी परस्पर कमी करून टाकतात. समजा २००९–२०१३ चा मध्यक ४४,००० अधिक-उणे २,६०० आणि २०१४–२०१८ चा ४७,५०० अधिक-उणे ३,०००. दिसायला आठ टक्के वाढ. पहिला आकडा आधी २०१८ च्या डॉलरमध्ये आणा: २५१.१०७ भागिले २३२.९५७, म्हणजे १.०७८ पट; तो ४७,४३० होतो आणि त्याची सीमाही २,८०० होते. सीमा फुगवायला विसरू नका. उरलेला फरक ७० डॉलर. दोन प्रमाण त्रुट्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे २,५००, त्याची १.६४५ पट ४,१००. म्हणजे या काउंटीत पाच वर्षांत ४,१०० डॉलरपेक्षा कमी काहीही घडले असेल तर हे सर्वेक्षण ते पाहू शकत नाही. ७० डॉलरवर लेख लिहिणारे असतात, तो भाग वेगळा.

तुलना शक्यतो एकमेकांवर न चढणाऱ्या कालखंडांचीच करा. चढणारे घ्यावेच लागले तर फरकाची प्रमाण त्रुटी नेहमीच्या सूत्राने काढून (१ उणे सामाईक वर्षांचा वाटा) याच्या वर्गमूळाने गुणा. २०१४–२०१८ आणि २०१५–२०१९ मध्ये वाटा ०.८, गुणक ०.४५.

अगदी लहान काउंट्यांत हेही कोसळते. टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसे होती. तिथला मध्यक म्हणजे कुणाच्या दारात मुलाखत झाली याचा योगायोग. हवाईच्या कालावाओ काउंटीचा तर एसएआयपीई अंदाजच देत नाही. अशांना नकाशावर रंग देण्याऐवजी रेघोट्या मारलेल्या बऱ्या.

२०२० चे काय करायचे? साथीत प्रतिसाद घसरला आणि जास्त उत्पन्नाची घरे तुलनेने जास्त उत्तरे देत राहिली, म्हणून ब्यूरोने त्या वर्षाचे नेहमीचे एक-वर्षीय आकडे दिलेच नाहीत, फक्त प्रायोगिक दिले. २०१६–२०२० चा पंचवार्षिक संच भार नव्याने बांधून मार्च २०२२ मध्ये आला. आलेखात २०२० चा ठिपका पोकळ ठेवा आणि २०१९ ते २०२१ थेट मोजा.

दोन काउंट्या एकत्र करायच्या असतील, किंवा सीमा बदलल्या असतील, तर मध्यकांची सरासरी काढू नका, लोकसंख्येने भारित केलेलीही नको. बी १९००१ मधल्या १६ गटांच्या घरसंख्या गटवार बेरजेत घ्या आणि मध्यक पुन्हा काढा. उदाहरण: एकूण २०,००० घरे, ५०,००० डॉलरच्या खाली ९,४००, ५०,००० ते ५९,९९९ गटात १,८००. दहा हजारावे घर त्या गटात ६०० पायऱ्या आत. सरळ अंतर्वेशनाने ५३,३३०. पण रुंद गटांत घरे समान पसरलेली नसतात, म्हणून वर जाताना घरे विरळ होत जातात असे धरणारे परेटो अंतर्वेशन वापरतात. त्याने उत्तर येते ५२,९४० च्या आसपास. चारशे डॉलरचा फरक केवळ सूत्राचा. त्यामुळे एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दुसरे असे होऊ देऊ नका. गटांच्या सीमा चालू डॉलरमध्ये ठरलेल्या आहेत, महागाईने सरकत नाहीत. श्रीमंत काउंट्यांत २,००,००० च्या वरचा उघडा गट फुगत चालला आहे आणि मध्यक त्याच्या जवळ पोहोचला की अंतर्वेशन लंगडे पडते.

उतरवलेल्या फाइलमधले काही आकडे मुळी आकडेच नसतात. उणे ६६६६६६६६६ म्हणजे नमुना अपुरा. २,५०,००१ म्हणजे ‘अडीच लाखांहून अधिक’. हे सरासरीत गेले तर निकाल हास्यास्पद येतो, आणि नशीब चांगले असेल तरच तो हास्यास्पद आहे हे लक्षात येते.

वेगवेगळ्या फाइलींची जोडणी नेहमी फिप्स, म्हणजे काउंटीच्या पाच अंकी सरकारी कोडने करा, नावाने नाही. वॉशिंग्टन नावाची काउंटी तीसेक राज्यांत आहे. कोड मजकूर म्हणून वाचा, नाहीतर एक्सेल अलाबामाच्या ०१००१ चा १००१ करते. कोडही बदलतात. डेड काउंटी १९९७ मध्ये मायामी-डेड झाली, १२०२५ चा १२०८६. साउथ डकोटातली शॅनन २०१५ मध्ये ओग्लाला लकोटा झाली, ४६११३ चा ४६१०२. ही नुसती नावे. पण कोलोरॅडोतली ब्रूमफील्ड २००१ मध्ये चार काउंट्यांतून कापून निघाली. तिला १९९९ चा आकडा असूच शकत नाही. व्हर्जिनियाचे बेडफर्ड शहर २०१३ मध्ये भोवतालच्या काउंटीत विलीन झाले; अलास्कातल्या वाल्डेझ-कॉर्डोव्हाचे २०१९ मध्ये दोन तुकडे झाले. बीईएची आणखी वेगळी तऱ्हा: व्हर्जिनियातली लहान स्वतंत्र शहरे ती शेजारच्या काउंटीत मिसळून ५१९ ने सुरू होणारे स्वतःचे कोड देते. जनगणनेच्या फाइलशी जोडल्यावर या ओळी मुकाट गळतात. म्हणून जोडणीआधी आणि नंतर ओळी मोजा.

कनेक्टिकट सगळ्यांत ताजा त्रास. २०२२ च्या एसीएसपासून तिथल्या ८ काउंट्यांच्या जागी ९ नियोजन प्रदेश आले आणि जुन्या सीमांशी ते जुळत नाहीत. तरी वाट आहे, कारण राज्यातली १६९ टाउन्स जशीच्या तशी आहेत आणि प्रत्येक टाउन एका जुन्या काउंटीत व एका नव्या प्रदेशात पूर्ण बसते. टाउनपातळीचा बी १९००१ घ्या, हव्या त्या बाजूला बेरीज करा आणि मध्यक वरच्या पद्धतीने काढा. जुन्या काउंट्या पुढे न्याव्यात की नवे प्रदेश मागे? मालिका पुढेही चालवायची असेल तर नवे प्रदेश २००५–२००९ पर्यंत मागे न्या. अभ्यास २०२२ ला संपत असेल तर जुन्या काउंट्याच एक संच पुढे ओढणे कमी कष्टाचे.